उतारशाळेतील शुश्रूषा

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. उपदेशात बहुधा भर असतो तो रस्त्यावरील प्रसंगावर: याजक व लेवी बाजूने निघून गेले, शोमरोनी मात्र थांबला. परंतु तो जखमी मनुष्य बरा व्हायचा होता तो उतारशाळेत, आणि तेही शोमरोनी पुढच्या प्रवासास निघून गेल्यावर. तेथे त्याला सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे आले, त्याला दोन दिनार देण्यात आले होते. मग प्रश्न उद्भवतो: मोबदला घेऊन केलेल्या शुश्रूषेला करुणा म्हणता येईल काय?

कोणी म्हणेल, करुणा ती, जी विनामूल्य असते. पगार घेऊन केली ती नोकरी. दुसरा कोणी म्हणेल, गंभीर जखमी रुग्णाला कौशल्य हवे, औषध वेळेवर हवे. प्रेमळ शब्द मिळाला तर उत्तम, न मिळाला तरी चालेल. ही दोन मते परस्परविरोधी भासली, तरी दोन्ही एकच चूक करतात. दोन्ही करुणेला कामापासून वेगळी काढतात.

पवित्र शास्त्र तसे करीत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात शोमरोन्याला आलेल्या कळवळ्यासाठी जे मूळ ग्रीक क्रियापद आहे, त्याचा संबंध आतड्यांशी आहे. आपणही मराठीत 'आतडे पिळवटणे' म्हणतोच. पण लूक तेथे थांबत नाही. जवळ जाणे, तेल व द्राक्षारस ओतणे, जखमा बांधणे, जनावरावर बसवणे, अशी कामांची रांगच लागते. ३४ व्या वचनात शोमरोन्याने रुग्णाची काळजी घेतली असे सांगताना जे क्रियापद येते, तेच ३५ व्या वचनात उतारशाळेच्या रक्षकाला दिलेल्या आज्ञेत येते. विनामूल्य सेवेला एक शब्द आणि मोबदल्याच्या सेवेला दुसरा, असा भेद नाही. हे क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच आढळते, ते तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात. तेथे ते देवाच्या मंडळीची काळजी वाहण्याविषयी आहे. रुग्णाच्या उशाशी जे घडते आणि पाळकाने जे करावयाचे असते, त्यांना एकच नाव आहे.

अशी काळजी रुग्णाला कसा आधार देते, याचे एक उदाहरण पाहू. मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक रुग्ण पूर्वी थोड्याच काळात दगावत. मृत्यू ओढवे तो पुष्कळदा शय्याव्रणांतून व मूत्रमार्गातून पसरणाऱ्या जंतुसंसर्गामुळे. नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले यहूदी डॉक्टर लुडविग गुटमान यांनी १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथे अशा जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. परक्याने परक्याला उचलून घ्यावे, असाच हा प्रकार होता. तेथील एक प्रमुख उपाय अगदी साधा होता: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, रुग्णाची कूस बदलणे. एकाच जागी दाब राहिला की रक्तपुरवठा खुंटतो आणि कातडी मरू लागते. आपण झोपेतही कूस बदलतो, कारण शरीर आपल्याला सूचना देते. ज्याच्या अंगातील संवेदनाच गेली, त्याला ही सूचना मिळत नाही. त्यामुळे तो तक्रारही करीत नाही.

येथे करुणेचा अर्थ स्पष्ट होतो. ज्याला स्वतःची इजा जाणवत नाही, त्याच्या वतीने ती दुसऱ्याने जाणावयाची असते. रात्री दोन वाजता, कोणी हाक मारलेली नसताना, परिचारिका पलंगाजवळ येते आणि त्या देहाची संवेदना होते. हे कौशल्य की करुणा? हे दोन प्रश्न नाहीतच. त्या घडीस तिचे डोळे पाणावलेले नसतील. कदाचित ती केवळ थकलेली असेल. तरीही तिचे ते करणे ही करुणाच आहे.

बरे होणे म्हणजे पूर्ववत होणे, असेही समजू नये. वेल्लोर येथील डॉ. मेरी वर्गीस यांच्या मज्जारज्जूला १९५४ साली मोटार अपघातात इजा झाली. त्यांचे पाय पुन्हा चालले नाहीत. पण चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९६६ साली वेल्लोरला सुरू झालेल्या पुनर्वसन केंद्राच्या उभारणीत पुढाकार घेतला. शुश्रूषा रुग्णाला त्याचे जुने शरीर परत देईलच असे नाही. परंतु पुढे जगण्यास अवकाश देते.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांतील कितीतरी भगिनी व बंधू या सेवेत आहेत. १२ मे रोजी आपण त्यांना फुले देतो, त्यांना देवदूत म्हणतो. पण देवदूतांना विश्रांती लागत नाही, वेतन लागत नाही, माणसांना लागते. एका परिचारिकेवर झेपणार नाहीत इतके रुग्ण सोपवले, तर तिच्या अंतःकरणात कितीही प्रेम असो, दोन तासांनी बदलायची कूस चार तासांनी बदलली जाईल, आणि तेवढ्यात व्रण होईल. शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला उपदेश केला नाही. त्याने पैसे दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत आल्यावर तोही भरीन असे वचन दिले. आपल्या नावाने रुग्णालये चालतात तेथे हा अधिक खर्च कोण भरतो, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

"तूही जाऊन तसेच कर" ही प्रभूची आज्ञा रस्त्यावर थांबणाऱ्याला आहे, तशीच ती उतारशाळेचा खर्च उचलणाऱ्यालाही आहे.