पुनर्कथन आणि न्याय : काही प्रश्न

ग्रीक पुराणकथांचे स्त्रीच्या दृष्टीतून पुनर्कथन करणाऱ्या कृतींविषयी लिहिताना, मूक स्त्रीला ‘वाणी दिली’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वाणी देणे म्हणजेच न्याय देणे, हे त्यामागील नैतिक गृहीतक मात्र क्वचितच तपासले जाते. ओव्हिडने दोन हजार वर्षांपूर्वी पेनेलोपी, मीडिया, डायडो यांच्या नावे पद्यपत्रे रचली. तेथे बोलते ती स्त्रीच. पण तिच्या बोलण्याचा विषय बहुधा तिला अंतरलेला पुरुष असतो. तेव्हा प्रथमपुरुषी निवेदन हे दृष्टिबदलाचे प्रमाण ठरू शकत नाही. मार्गारेट अ‍ॅटवुडच्या ‘पेनेलोपिअड’मध्ये (२००५) हा प्रश्न अधिकच बिकट होतो. पेनेलोपी आपली बाजू मांडते; परंतु ओडिसिअस परतल्यावर फासावर गेलेल्या बारा दासींचा वृंद तिलाही निर्दोष सुटू देत नाही. राणीची दृष्टी आणि दासीची दृष्टी एक नव्हे.

मराठीत इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) निराळी वाट धरली. महाप्रस्थानात द्रौपदी कोसळते आणि अर्जुनाविषयीचा तिचा पक्षपात हे त्याचे कारण म्हणून धर्मराज सांगतो. तिचे स्वतःचे म्हणणे महाभारत नोंदवत नाही. इरावतीबाई तो क्षण कल्पनेने लांबवतात; मात्र संशोधित संहितेचा आधार कोठे संपतो व स्वतःची भर कोठे सुरू होते, हे वाचकाला स्पष्टपणे सांगतात. ही केवळ संशोधकीय शिस्त नाही. दुसऱ्याच्या मौनात आपण आपला शब्द घालत आहोत, याची ती नैतिक कबुली आहे.

जात्यावरच्या ओव्यांत हा पेच वेगळ्याच रीतीने सुटतो. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओव्यांच्या या परंपरेत सीतेचा सासुरवास वाटून घेण्याची कल्पना पुनःपुन्हा येते : तिचे दुःख देशोदेशीच्या बायकांच्या वाट्याला आले. गाणारी येथे सीतेच्या वतीने बोलत नाही. ती सीतेच्या शेजारी बसते. प्रातिनिधित्वाऐवजी वाटेकरीपण, असा हा संबंध आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. वाटून घेतलेले दुःख सुसह्य होते आणि सुसह्य झालेले दुःख प्राक्तन वाटू लागते. सीतेनेही सोसले, मग आपण का नाही, हा निष्कर्ष त्याच ओवीतून निघू शकतो. आक्षेप खरा आहे, पण पुरता नाही. ‘सासुरवास’ हे नाव देताच वनवास दैवाचा उरत नाही. तो घरातल्या माणसांनी केलेला ठरतो. कर्ता दिसू लागला की जाबही विचारता येतो.

भातसाकाठच्या खडवलीपासून मावळापर्यंत पिठाच्या गिरण्या आल्या आणि जात्याबरोबर ओवीचा प्रसंगही सरला. आज पुनर्कथन करणारी लेखिका एकटी लिहिते. तिच्यासमोर जात्याचा दुसरा खुंटा धरणारी कोणी नसते. म्हणूनच तिच्या कृतीला विचारायचा प्रश्न ‘कोण बोलते?’ एवढाच नाही. या बोलण्याने आणखी कोणाचे बोलणे झाकले गेले, हाही आहे. त्या दासींची आठवण ठेवणे हीच पुनर्कथनाच्या न्याय्यतेची कसोटी होय.