बाळंतिणीचा काढा आणि आप्तवाक्य

अंगावर पाजणाऱ्या आईने घेतलेल्या औषधाचा अंश दुधातून बाळापर्यंत जातो, हे आयुर्वेदाला नवे नाही. दुधावरच्या बाळाला तो क्षीराद म्हणतो आणि त्याच्या आजारात पाजणारीलाच औषध द्यायला सांगतो. वनस्पतीचा गुण दुधात उतरतो हे मान्य असेल, तर अपायही उतरू शकतो हे नाकारता येत नाही. मग अमुक काढा निर्धोक आहे हे ठरवायचे कशावरून? हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच ज्ञानमीमांसेचाही.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात काय किंवा बारामतीकडच्या एखाद्या गावात काय, त्याचे उत्तर बहुधा घरातली म्हातारी देते. सव्वा महिन्यातली अळिवाची खीर, मेथीचे नि डिंकाचे लाडू, शतावरी, बाळंतशेपा, काष्ठौषधीच्या दुकानातला बाळंतकाढा, सारे तिच्या शब्दावर चालते. न्यायदर्शन अशा शब्दाला हलके लेखत नाही. आप्ताचे वचन ते स्वतंत्र प्रमाण मानते. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे. इच्छेत आजी कमी पडत नाही. बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा ती खचितच भरवशाची. अडते ते पहिल्या अटीपाशी. तिने पाहिलेले असते एवढेच की लाडू खाल्ले आणि दूध उतरले. पण वार पडल्यावर संप्रेरके बदलतात आणि दोन-चार दिवसांत बहुतेकींना दूध येतेच. लाडू दिले नसते तर काय झाले असते, हे कोणी पाहिलेले नसते. यालाच काकतालीय न्याय म्हणतात. अपायाची नोंद तर याहून कच्ची. बाळ दगावले तर बोट काढ्याकडे क्वचितच जाई; सटवाईने लिहिले होते, म्हणून विषय मिटे.

डिंकाच्या लाडवातली गोडंबी घ्या. ही बिब्ब्याच्या आतली बी. तिच्याभोवतीच्या कवचातले काळे तेल कातडीला लागले तर फोड उठतात. बिब्बे फोडून पोट भरणाऱ्या बायकांचे हात त्याने भाजून काळवंडतात. औषध कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातक, म्हणजे हाच बिब्बा, आहे, आणि त्याच फळाची बी बाळंतिणीच्या ताटात आहे. दोन्ही ठीकच आहे, कारण प्रश्न कोणता भाग, किती आणि कोणाला, हा आहे. चरक आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे साधन मानतो, ते यासाठीच. औषध नाही असे द्रव्य जगात नाही, हे त्याचे मत लोक आवडीने सांगतात; युक्तीने योजले तरच, ही त्याची अट मात्र गाळतात. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे परंपरेचे म्हणणे नव्हेच. ते अलीकडच्या बाजाराचे आहे.

म्हणून आजीचा शब्द स्वयंपाकघरातल्या मात्रेपुरता धरावा. भाजीतली, लाडवातली मेथी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली आहे. तिच्याच अर्काच्या कॅप्सूलला त्या अनुभवाची साक्ष काढता येत नाही, कारण मोठ्या मात्रेत मेथी रक्तातली साखर उतरवते. शतावरीने दूध वाढते का, यावरच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. दशमूलारिष्टासारख्या आसवारिष्टांत आंबताना मद्यार्क तयार होतो आणि तो दुधात जातो. बाळगुटीतले वेखंड बाळासाठी सहाणेवर एखादा वेढाच उगाळतात, तो हात जपूनच फिरतो. तरीही त्यातल्या बीटा-असारोनमुळे उंदरांना गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी केली. भस्मे घातलेल्या औषधांबाबत तर चव, वास, अनुभव काहीच उपयोगी पडत नाही. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. इथे प्रयोगशाळेखेरीज आप्त नाही.

यात गुंता नात्यांचाही असतो. काढा नको म्हणणारी सून औषध नाकारत नसते, सासूचा शब्द मोडत असते, निदान घरात तसेच धरले जाते. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ असे विचारले, तर ‘नाही’ असेच उत्तर मिळते, कारण लाडू आणि काढा कोणी औषधात धरतच नाही.