मेलेल्या बाईची बाजू

गेल्या वर्षी एका साहित्यचर्चेत एका मान्यवर समीक्षकांनी मांडलेला मुद्दा मला आजवर पचलेला नाही. विषय ॲलिस मन्रो यांचा होता. मे २०२४ मध्ये मन्रो गेल्या आणि जुलैत त्यांच्या मुलीने टोरांटोच्या वृत्तपत्रात जाहीरपणे लिहिलं : सावत्र वडिलांनी माझ्या लहानपणी माझं लैंगिक शोषण केलं, पंचविसाव्या वर्षी मी ते आईला पत्राने कळवलं, आणि आई अखेर त्याच माणसाजवळ राहिली. नोबेल मिळालेल्या लेखिकेबद्दलचं हे वाचून हादरलेल्या सभेत आमचे समीक्षक म्हणाले, ''ॲन पेरीचंही तेच. जुनं आयुष्य पुरून टाकायचं आणि त्यावर नव्या नावाची इमारत बांधायची. ही वाचकांची फसवणूक आहे.'' पुष्कळांनी माना डोलावल्या.

माझा आक्षेप त्या 'तेच'ला आहे. मन्रोंच्या घरातलं गुपित एका मुलीच्या गळ्यावर पाय ठेवून राखलं गेलं. सावत्र वडिलांनी २००५ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरी त्याचा उच्चार कुठे झाला नाही, कारण आईची कीर्ती मोठी होती. ॲन पेरीचं गुपित मुळात गुपितच नव्हतं. ते एका देशाच्या न्यायालयात, वार्ताहरांच्या गर्दीत, दिवसाउजेडी सांगून झालेलं होतं. शिक्षा ठरली होती आणि भोगून संपली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जूलिएट ह्यूम ही लंडनमध्ये जन्मलेली मुलगी. वडील पदार्थवैज्ञानिक, न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या विद्यापीठ महाविद्यालयाचे ते प्रमुख झाले. मुलगी क्षयाने आजारी, बरीचशी एकटी. शाळेत तिला पॉलीन भेटली. तीही लहानपणी हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. दोघींनी मिळून एक काल्पनिक राज्य रचलं, त्याचे राजे-राण्या, कट-कारस्थानं लिहिली, आणि हळूहळू त्या राज्याबाहेरचं सगळं त्यांना परकं झालं. ह्यूम कुटुंब मोडलं आणि जूलिएटला दक्षिण आफ्रिकेत पाठवायचं ठरलं. पॉलीनची आई तिला बरोबर जाऊ देणार नाही, म्हणून त्या आईलाच संपवायचं, असं दोघींनी ठरवलं. पॉलीनने रोजनिशीत तसं लिहूनही ठेवलं. २२ जून १९५४ रोजी, शहराजवळच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये, मोज्यात घातलेल्या अर्ध्या विटेने त्यांनी तिला मारलं. जूलिएट तेव्हा पंधराची होती आणि पॉलीन सोळाची. फाशीसाठी दोघीही लहान होत्या. ऑगस्टमध्ये दोघी दोषी ठरल्या आणि पाच वर्षं तुरुंगात राहून १९५९ मध्ये सुटल्या.

पुढे जूलिएटने सावत्र वडिलांचं आडनाव घेतलं आणि ती ॲन पेरी झाली. हवाईसुंदरी म्हणून, विमा कंपनीत अशा तिने नोकऱ्या केल्या. मॉर्मन पंथात गेली. १९७९ मध्ये तिची पहिली कादंबरी आली आणि व्हिक्टोरियन काळातल्या रहस्यकथा लिहिणारी म्हणून ती जगभर वाचली जाऊ लागली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या पोर्टमाहोमॅक या छोट्या गावात तिने घर केलं. १९९४ मध्ये पीटर जॅक्सनचा 'हेवन्ली क्रीचर्स' हा त्या खुनावरचा चित्रपट येऊ घातला, आणि न्यूझीलंडच्या एका पत्रकार बाईंनी जूलिएट ह्यूम म्हणजेच ॲन पेरी हे शोधून काढलं. चाळीस वर्षांनी सगळं वर आलं. २०२३ मध्ये ती वारली, तेव्हा मृत्युलेखांत कादंबऱ्यांच्या आधी खून होता.

आता फसवणुकीचा आरोप तपासू. हेच आज आपल्याकडे घडतं तर? २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार पंधरा वर्षांच्या मुलीला, गुन्हा कितीही भयंकर असो, प्रौढ म्हणून खटल्याला उभं करता येत नाही. जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. तिचं नाव छापणं हाच गुन्हा ठरतो. ठरावीक मुदतीनंतर तिच्या प्रकरणाची कागदपत्रं नष्ट करायची असतात. याचा अर्थ आपल्या संसदेने अशा मुलीला जुनं आयुष्य पुरून टाकण्याची नुसती परवानगी दिलेली नाही, खड्डा सरकारी खर्चाने खणून द्यायचं मान्य केलं आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी याच कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे, आणि मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन जीव गेल्यावर, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन दिला गेला तेव्हा, आपण सगळे संतापलो ते योग्यच होतं. पण त्या संतापात एक मागणी हळूच मिसळली : मुलाचं नाव जन्मभर त्याच्या कपाळावर असलं पाहिजे. तिच्याशी मी सहमत नाही. शिक्षा कडक करा, चौकशी नीट करा, पैशाने वाकणारी यंत्रणा सरळ करा. पण शिक्षेला शेवट असू द्या.

हा काही पाश्चात्त्य उदारमतवाद नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात सरळ भेद केला आहे. ज्याचा दोष लोकांना ठाऊक आहे त्याने परिषदेच्या अनुमतीने व्रत करावं. ज्याचा दोष कोणालाच ठाऊक नाही त्याने गुप्तपणे करावं. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत या रहस्यप्रायश्चित्तांवर वेगळा विचार केला आहे. चव्हाट्यावर येऊन छाती बडवल्याशिवाय पाप फिटत नाही, हे आमच्या स्मृतिकारांनासुद्धा मान्य नव्हतं. आणि वाल्या कोळ्याची गोष्ट तर आपण पोरांना झोपवताना सांगतो.

मात्र त्या गोष्टी पुरुषांच्या आहेत. वाल्याचा वाल्मीकी होतो आणि त्याच्या आश्रमात सीता आसरा घेते. बाईने जुनं आयुष्य टाकलं की ते तिच्या मागे माग काढत येतं, तिने काही अपराध केलेला नसला तरीही. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने काय केलं होतं? गणिकेच्या पोटी जन्म, एवढंच. ती पंढरीला आली, वारकरी झाली, अभंग रचू लागली. तरी बिदरच्या बादशहाचे लोक तिला न्यायला राउळापर्यंत आले आणि विठ्ठलाच्या पायाशी तिने देह ठेवला, अशी कथा आहे. संतपण मिळालं, पण जिवंतपणी सुटका मिळाली नाही. १९९४ साली पोर्टमाहोमॅकच्या त्या घराच्या फोनवर जे चालून आलं ते मला याच जातीचं वाटतं.

इथे मला हाना आरेंट यांच्याकडे जायचंच आहे, कारण माणसाने नव्याने सुरुवात करण्याबद्दल त्यांच्याइतकं खोल जाऊन बोललेलं मी दुसरं कोणी वाचलेलं नाही. त्या स्वतः १९३३ मध्ये जर्मनी सोडून पळाल्या, फ्रान्समध्ये छावणीत डांबल्या गेल्या, १९४१ मध्ये अमेरिकेत पोचल्या आणि परक्या भाषेत लिहू लागल्या. १९५८ च्या 'द ह्यूमन कंडिशन'मध्ये त्या म्हणतात की मानवी कृतीला दोन दुखणी आहेत. केलेलं परत घेता येत नाही आणि त्याचं पुढे काय होईल ते आधी कळत नाही. दुसऱ्यावर उतारा वचनाचा. पहिल्यावर क्षमेचा. क्षमा नसेल तर माणूस जन्मभर एकाच कृत्यात कोंडला जाईल, त्याला पुढची कृती करताच येणार नाही. शिक्षा ही त्यांच्या मते क्षमेच्या विरुद्ध टोकाला नसते. दोन्हींचं काम एकच, जे अंतहीन चालू राहिलं असतं त्याला शेवट देणं. आपल्या टीव्हीवरच्या न्यायदानाला हे एक सूत्र जरी कळलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. समीक्षकांना माझं उत्तर इथे पुरं व्हायला हवं : पेरीच्या बाबतीत शेवट १९५९ ला झाला होता, त्यानंतरच्या नावावर वाचकाचा काही हक्क नाही.

पण आरेंट तिथे थांबत नाहीत. त्या म्हणतात, स्वतःला कोणीच क्षमा करू शकत नाही. क्षमेला दुसरा माणूस लागतो, आपल्याला ओळखणारा. पोर्टमाहोमॅकचे लोक पेरीला ओळखत होते, जूलिएटला नाही. पस्तीस वर्षं तिला जे प्रेम मिळालं त्यात क्षमा असूच शकत नव्हती. सगळं उघड झाल्यावर गावकऱ्यांपैकी पुष्कळजण तिच्या पाठीशी उभे राहिले. मग ती क्षमा म्हणायची का? त्यांचं तर काहीच गेलं नव्हतं. ज्यांचं गेलं होतं त्या बाईबद्दल मी इथवर काय लिहिलं? पॉलीनची आई. नावसुद्धा लिहिलेलं नाही. समीक्षकांनीही घेतलं नव्हतं. पेरीवर तुटून पडणारे आणि तिची पाठराखण करणारे, दोन्ही पक्ष फक्त पेरीबद्दल बोलतात.

त्यांचं नाव ऑनोरा. वय पंचेचाळीस. नवरा रीपर मासळीच्या दुकानाचा व्यवस्थापक, घरात पैसा बेताचा, म्हणून त्या घरी भाडेकरू ठेवत. पहिलं मूल तान्हेपणीच गेलं होतं. धाकटी मुलगी डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली, संस्थेत वाढत होती. पॉलीन वाळत चालली म्हणून त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं होतं. त्या दिवशी तिघींनी बागेतल्या टपरीत चहा घेतला आणि झाडीतल्या पायवाटेने खाली उतरल्या. वाटेवर जूलिएटने एक छोटा गुलाबी खडा मुद्दाम टाकला होता. तो दाखवल्यावर ऑनोराबाई बघायला वाकल्या. वीट तेव्हा डोक्यात बसली.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख मला लिहावासा वाटला. ऑनोराबाईंचं एक गुपित होतं. वीसहून अधिक वर्षं त्या रीपर यांच्या पत्नी म्हणून नांदल्या, मुलं त्याच आडनावाने शाळेत गेली. पण रीपर यांची पहिली बायको हयात होती आणि या दोघांचं लग्न कधी झालंच नव्हतं. पॉलीनवर खटला भरताना हे बाहेर आलं. तिच्यावरचं आरोपपत्र रीपर नावाने न निघता आईच्या माहेरच्या पार्कर नावाने निघालं. त्या काळच्या त्या सनातनी शहरात ज्या बाईने निमूटपणे नवं आयुष्य उभारून सांभाळलं होतं, तिचं ते आयुष्य तिच्या खुन्यांच्या खटल्यात भर न्यायालयात उसवलं गेलं. तिला उत्तर देता आलं नाही, समजावता आलं नाही, लाजतासुद्धा आलं नाही. आजही तो खटला पार्कर-ह्यूम याच नावाने ओळखला जातो.

हे कळल्यावर पेरीच्या मुलाखती मला वेगळ्या दिसू लागल्या. तिने अपराध नाकारला नाही. तुरुंगात गुडघे टेकून पश्चात्ताप केल्याचं ती सांगे, आणि ते खोटं मानायला मला कारण दिसत नाही. पण कथन फिरतं ते तिच्याभोवती : तिचा क्षय, त्यावरची औषधं, मैत्रीण जिवाचं काही करून घेईल ही तिची भीती, मैत्रिणीचं देणं. उघडं पडण्यापूर्वीच, १९९० मध्ये, तिने विल्यम मंक हा गुप्तहेर निर्माण केला. तो अपघातानंतर दवाखान्यात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. खुनाचा तपास करता करता माग आपल्याकडेच येतोय असं त्याला वाटू लागतं. ही कादंबरी मला अस्सल वाटते, आजही. ज्याला भूतकाळ नाही त्याची धास्ती तिने आतून लिहिली आहे. तिच्या रहस्यकथांत मेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य उकलून बघितल्याशिवाय तपास पुढे जात नाही. घरचे, नोकर, जुनी प्रेमं, कर्जं, सगळं. तसा तपास ऑनोरा पार्कर यांच्या वाट्याला तिच्याकडून आला नाही. पुरलेलं वर आल्यानंतर तिच्याजवळ जवळजवळ तीस वर्षं होती, लेखणी होती, ऐकणारं जग होतं.

तेव्हा समीक्षकांना मी आता असं म्हणेन. नाव बदललं म्हणून पेरीला झोडू नका; तो तिचा हक्क होता, आणि तिच्यासारख्या हजारो मुलींसाठी तो राखला पाहिजे. मन्रोंच्या पंगतीला तिला बसवू नका. मन्रोंची मुलगी जिवंत होती, तिने स्वतः लिहिलं, आणि तिला गप्प बसवणाऱ्यांना जाब विचारता येतो. ऑनोराबाईंकडून लिहायला कोणी नाही. पेरीकडे मागायचं असेल तर वाचकांच्या वतीने मागू नका, वाचकांचं तिने काही घेतलेलं नाही. १९९४ नंतर तिने जे जे सांगितलं त्यात त्या बाईंच्या वाट्याला किती ओळी आल्या ते मोजा, आणि मग तिच्या पुस्तकांबद्दल काय लिहायचं ते लिहा.