वारुळातून बाहेर आल्यावर

॥ श्री गुरवे नमः ॥



वाल्याचा वाल्मीकी झाला, ही गोष्ट आपण नातवंडांना सांगतो. पण वारुळातून बाहेर आल्यावर त्याला पहिली भाकरी कोणी वाढली, हे कधी विचारतच नाही.

गडचिरोलीत हा प्रश्न आज खराखुरा उभा आहे. जवळजवळ चार दशकं नक्षल चळवळीत काढलेल्या तारक्का यांनी १ जानेवारी २०२५ ला दहा साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रं ठेवली. १५ ऑक्टोबरला त्यांचे पती भूपती साठ जणांना घेऊन आले. आपल्या कर्नाटकातही त्याच जानेवारीत सहा जण बेंगळुरूला शरण आले.

पेपरात बातमी एक दिवस येते. खरी साधना नंतर. रेशनकार्ड, बँकेचं खातं, घर, काम, सगळं पहिल्यापासून. महाराष्ट्र सरकारची त्यासाठी २००५ पासून योजना आहे. तरी जुन्या साथीदारांच्या भीतीनं कित्येकांना स्वतःच्या गावी जाता येत नाही. दलममध्ये लग्न करायचं तर पुरुषाला आधी नसबंदी करावी लागे. परत आल्यावर काहींनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांच्या घरी पाळणा हलला. त्या बाळाला उद्या शाळेत कोणी ‘नक्षल्याचं पोर’ म्हणालं, तर?

कुणी म्हणेल, ताई, त्यांनी मारलेल्यांचं काय? बरोबर आहे. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस गेले. त्या घरांचं दुःख कुठल्याच योजनेनं भरत नाही. क्षमा म्हणजे विसरणं नव्हे, आणि कायदा आपलं काम करीलच. पण परतीची वाटच बंद केली, तर जंगलातला माणूस बंदूक टाकेल कशाला? मग आणखी कुणाच्या तरी घरातला दिवा विझणार.

सद्गुरूंच्या दारात आपल्याला तरी मागचा हिशेब विचारून आत घेतलं का? आपल्याही घरात कुणी रागानं निघून गेलेला असतो, कुणी दारू सोडून परत आलेला. तो पानावर बसला की आपण जुनं उकरून काढतो. या आठवड्याचा संकल्प एवढाच करूया: परत आलेल्याला आधी जेवू घालायचं, आणि जेवताना मागचं काही काढायचं नाही.

गुरुवारी नामस्मरणाला सहकुटुंब या.

जय गुरुदेव 🙏
– एक सेवेकरी भगिनी, लॅमिंग्टन रोड, हुबळी