घट्टे नसलेली बोटे

सरस्वती वीणेचे 24 पितळी पडदे मेणात बसवलेले असतात. त्यांवर वर्षानुवर्षे तार दाबायची आणि ओढायची म्हणजे डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडणारच. राजा रविवर्म्याच्या वीणावादिनींची बोटे मात्र निमुळती आणि मऊ. रेशमी काठावरचा उजेड किंवा मोत्यावरचा चमकता ठिपका ज्या नजरेतून सुटत नाही, तिला घट्टे दिसले नसतील?

वाद्य घेतलेली स्त्री त्याने वारंवार रंगवली. तरुणपणी स्वरबत वाजवणारी तामिळ स्त्री, पुढे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रात तर एकदम अकरा जणी. पांढऱ्या वस्त्रातली नायर स्त्री वीणा घेऊन बसली आहे, मागे हॅटवाली गोरी बाईही आहे. पोशाख प्रांतोप्रांतीचे, पण चेहरे सख्ख्या बहिणींचे वाटावेत असे. आणि एकीचेही लक्ष दुसरीच्या सुराकडे नाही. फोटोसाठी थांबलेल्या पाहुण्या वाटतात सगळ्या.

त्या काळी चारचौघांत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बायका बहुतेक नायकिणी, कलावंतिणी, देवदासी घराण्यांतल्या. घरंदाज मुलीने तंबोरा हातात घेणे म्हणजे कुळाला बट्टा. रविवर्म्याने तोड काढली: वाद्य ठेवले, पेशा पुसून टाकला.

1894 मध्ये त्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. वीणाधारी सरस्वती आता घरोघरच्या भिंतींवर आली. जिथे लेकीने मोठ्याने गाण्याची सोय नव्हती, तिथेच देवीच्या तसबिरीला रोज हळदकुंकू! ढोंग आहेच हे. तरी वाद्यासह बसलेली 'चांगल्या घरची' बाई कशी दिसते, याची सवय डोळ्यांना या छापील चित्रांनीच लावली असावी, असे मला वाटते. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या, तेव्हा अंगभर पदर, हातवारे नाहीत, मुद्रा शांत. श्रोत्यांना ते रूप ओळखीचे होते.

ज्यांना त्या चौकटीत बसता आले नाही, त्यांचे काय झाले? सरदार पटेलांकडे नभोवाणी खाते असताना, ज्यांच्या खासगी आयुष्याबद्दल लोकापवाद होता अशा गायिकांना आकाशवाणीचे दार बंद करण्यात आले. मायक्रोफोनवर फक्त आवाज जातो, पोशाख दिसत नाही, हे तेव्हा कुणाला सुचले नाही.