अकरा तारीख

तालुक्याच्या दूध संघाचा सर्व्हर जमाखर्चाच्या कपाटाशेजारी, पंख्याखाली असायचा. त्यावर होतं उबुंटू 18.04. मे 2023 संपला की त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद होणार होते.

"आहे त्यालाच अपडेट करू," तात्या म्हणाले. "नांदतं घर मोडायचं कशाला?"

सईला कोरं मशीन हवं होतं. तरी तात्यांच्या शब्दाखातर तिने डिस्कची प्रत काढली आणि आधी तीच अपडेट करून पाहिली. एलटीएसमध्ये पायरी गाळता येत नाही, 18.04 वरून 20.04, मग 22.04. मध्येच मशीन अडायचं: ही सेटिंगची फाईल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घालू? तात्या न वाचता एंटर दाबायचे. एंटर म्हणजे जुनीच राहणार. शेवटी पीएचपी 7.2 चं 8.1 झालं आणि फॅट, एसएनएफ टाकून दर काढायचं पान पांढरंफटक उघडलं. खरं तर हे दुखणं कोऱ्या मशीनवरही निघालंच असतं, पण बोल लागला तो अपडेटला.

मग सईचंच खरं झालं. नवं मशीन, कोरं 22.04, दराचं पान दुरुस्त, डेटाबेस उतरवून घेतलेला. तात्यांनी एकच अट घातली: जुनी डिस्क पुसायची नाही. सईने ती कपाटात टाकली, म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून.

अकरा तारखेला सकाळी गावोगावच्या संस्थांचे सचिव दहा दिवसांची बिलं न्यायला आले. बिलं निघालीच नव्हती.

सईने रूटचा क्रॉनटॅब ओळीओळीने आणला होता. आता तिने जुनी डिस्क जोडली आणि बाकीच्या खात्यांचे क्रॉनटॅब उघडले. एका ऑपरेटरच्या नावाने एकच ओळ होती: 1, 11, 21 तारखेला पहाटे 2 वाजता बिलं काढ. ती स्क्रिप्टही त्याच्याच फोल्डरमध्ये. माणूसच नाही म्हणून सईने ते फोल्डर आणलं नव्हतं.

"हे कधी गेले सोडून?"

"चार वर्षं झाली," तात्या म्हणाले. "बिलं मात्र तोच काढत होता म्हणायचा."

बाहेर सचिवांचा आवाज चढत होता. सईने स्क्रिप्ट नव्या मशीनवर आणून हाताने चालवली. प्रिंटर कुरकुरायला लागला.

"अपडेटच केलं असतं तर हे राहिलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं राहिलं. आणि आहे हे कुणाला कळलंही नसतं."

तात्यांनी खणातून एक कोरी वही काढून तिच्यापुढे सरकवली. सईने क्रॉनची ती ओळ पहिल्या पानावर उतरवली आणि जुन्या डिस्कवरचं पुढचं खातं उघडलं.