सोलता येणारा साधेपणा

आमच्या भाषेत तोंड काळे करणे ही नामुष्कीची परिसीमा मानली जाते. पूर्वी अपराध्याच्या तोंडाला काळे फासून त्याची गाढवावरून धिंड काढीत. हल्ली मात्र सुखवस्तू माणसे पदरचे पैसे खर्चून आपल्या मोटारीचे तोंड काळे करून घेतात व त्यात भूषण मानतात. मोटारीच्या पुढच्या व मागच्या अंगास कारखानदाराचे जे रुपेरी बोधचिन्ह असते, त्यावर सोलून काढता येणाऱ्या काळ्या रबरी लेपाचा फवारा मारून ते झाकून टाकण्याची ही रीत परदेशातून आली, आणि आता आमच्या सोलापुरातही सात रस्त्याच्या बाजूस अशी एखादी गाडी दृष्टीस पडते. विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु माणसाने स्वतःविषयी काय सांगावे, काय झाकावे, आणि झाकलेले पुन्हा उघडण्याची सोय राखून ठेवावी की नाही, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. म्हणूनच त्यांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही क्रिया कशी होते ते पाहू. बोधचिन्ह धुऊन कोरडे करतात, भोवतालच्या रंगावर कागद व चिकटपट्टी लावतात, आणि मग लेपाचे पातळ थर, मध्ये वाळण्यास अवधी देत, एकावर एक असे चारपाच वेळा चढवितात. वाळल्यावर त्याची रबरासारखी लवचिक साल बनते. मन पालटले की कडेला नख लावावे आणि ती साल उचलावी; खालचे क्रोम होते तसे हाती येते. अट एवढीच की लेप पुरेसा जाड असावा. पातळ लेप अखंड निघत नाही. त्याचे तुकडे होतात व ते कोपऱ्याकोपऱ्यांत चिकटून राहतात.

जे झाकावयाचे त्याचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. आजकाल मोटारीवरील बोधचिन्ह बहुधा धातूचे नसतेच. आत प्लास्टिक असते, त्यावर तांबे व निकेल यांचे थर, आणि सर्वांवर क्रोमियमचा मुलामा, तोही सामान्यतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ. हा धातू फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ याने १७९७ साली शोधला. त्याची संयुगे नाना रंगांची असतात म्हणून ग्रीक भाषेतील रंगवाचक शब्दावरून त्याचे नाव पडले. तेव्हा काळा लेप लावणारा तरुण 'मी खोटी चमक झाकली' असे म्हणतो, त्यात थोडे तथ्य आहेच. फरक इतकाच की त्याने एका मुलाम्यावर दुसरा मुलामा चढविला. आतील वस्तू पहिल्याने दाखविली नव्हती, आणि दुसऱ्यानेही दाखविली नाही.

या झाकण्याचे हेतू एकसारखे नाहीत, व हेतूवाचून कृतीची नीती ठरविता येत नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात क्रोमची तिरीप डोळ्यांत जाते म्हणून कोणी ते झाकले, तर त्यात वादाला जागा नाही. कोणाला काळा रंगच आवडतो. त्यालाही आमचा नमस्कार. याउलट आपली गाडी हलक्या प्रतीची आहे हे कळू नये म्हणून जो मागील अक्षरे झाकतो व विचारणाऱ्याचा गैरसमज होऊ देतो, त्याचे मौन असत्याच्या सीमेवर उभे आहे. आणि गाडी विकतानाही जो तो गैरसमज राहू देईल, त्याने ती सीमा ओलांडली असे खुशाल समजावे.

या ठिकाणी आमच्या गावच्या चादरीची आठवण होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी परगावी विणलेली चादर सोलापुरी म्हणून विकली जातेच. तेथे नसलेले नाव लावतात, येथे असलेले नाव झाकतात. पहिला अपराध उघड आहे, कारण त्यात विणकराची भाकरी जाते. दुसऱ्यात कारखानदाराची भाकरी जात नाही. गाडीचे पैसे त्याला मिळालेले असतात, आणि त्याची फुकट जाहिरात करण्याचे बंधन विकत घेणाऱ्यावर नाही. म्हणून झाकणे हा स्वतः दोष नव्हे, असे आम्ही म्हणतो.

परंतु सर्वांत प्रतिष्ठित हेतू म्हणून जो सांगितला जातो, तो साधेपणाचा. आणि आमची तक्रार त्याविषयीच आहे. 'आम्हांस नावाचा डौल नको,' असे ही मंडळी म्हणतात. फोर्डच्या 'मॉडेल टी' गाड्या १९१४ ते १९२५ पर्यंत केवळ काळ्याच मिळत; एकाच रंगाने काम स्वस्तात व झपाट्याने व्हावे, एवढाच त्यातील हिशेब. तो काळा रंग खरोखर साधा होता. आजचा काळा लेप जाणत्यांना उद्देशून असतो. व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली संपत्तीच्या प्रदर्शनाची मीमांसा केली. प्रदर्शन झाकूनही करता येते, ही तिची पुढची पायरी होय. ज्याला गाडी आकारावरून ओळखता येते त्याला ती कळतेच, आणि वर मालकाची निरिच्छाही कळते.

मध्यम स्थितीतील घरात गाडी येते ती बहुधा अनेक वर्षांच्या काटकसरीनंतर. वडील चाकाखाली लिंबू ठेवतात, आई त्याच बोधचिन्हाला हळदकुंकू वाहते. आणि महिना लोटतो न लोटतो तोच मुलगा त्यावर काळा लेप चढवितो. कोणी म्हणेल, हा केवळ रुचीचा भेद आहे. अंशतः तसे असेलही. परंतु नाव झाकण्याची चैन त्यालाच परवडते, ज्याच्यासाठी ते नाव दुसऱ्या कोणी कष्टाने मिळवून ठेवले आहे. त्या हळदकुंकवात बढाई असेल, पण कृतज्ञताही आहे. लेप लावण्यापूर्वी मुलाने निदान तिची विचारपूस करावी.

खरी कसोटी मात्र 'सोलता येणे' या शब्दांत आहे. ज्या त्यागात काहीच जात नाही, आणि हवे तेव्हा जे टाकले ते अखंड परत मिळते, त्याला त्याग म्हणावे काय? इंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. लेपाखाली क्रोम सुरक्षित आहे, या जाणिवेत रमणारा साधेपणा त्याच जातीचा नव्हे काय? याच सोलापुरात १९३० साली नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि ध्वज बाळगणे हाही अपराध ठरला. त्या दिवसांत चिन्ह मिरविणे काय आणि झाकणे काय, दोहोंनाही किंमत पडत होती, म्हणूनच दोहोंना अर्थ होता.

मोटारीच्या बोधचिन्हाकडून आम्ही हुतात्म्यांची अपेक्षा करीत नाही. परत फिरण्याची सोय ही वाईट गोष्टही नव्हे. रुची अजमावून पाहणाऱ्या तरुणाने क्रोम खरवडण्यापेक्षा लेप लावणे शहाणपणाचेच. आमचे म्हणणे इतकेच की प्रयोगाला प्रयोग म्हणावे, हौसेला हौस म्हणावे. सद्गुणाचे नाव उसने घेऊ नये. ते नाव ज्या साधेपणाला शोभते, त्याला वर्षानुवर्षे बाळगावे लागते, आणि त्याची किंमत माणसाला आपल्या गरजांतून काही कायमचे वजा करून द्यावी लागते. पातळ लेपाप्रमाणे तो कोपऱ्याकोपऱ्यांत शिरतो, आणि मग सोलू म्हटले तरी निघत नाही.